नागऱ्याची एकुलती एक स्लाइड

सन २०२३, डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी. धानाची मळणी आटोपत आली होती. घरात नवे यंत्र आले की किस्से साचतात, अशी माझी समजूत होती. जुनी पेटी उघडली तर ते दुपटीने साचतात, हे मला त्या महिन्यात कळले.

माझे दिवंगत धाकटे दीर वनखात्यात सालेकशाला होते. त्यांना स्लाइड्स, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचे फोटो, काढण्याचा भारी नाद. ते सदा कॅमेऱ्यामागे; त्यामुळे नवराबायकोची एकत्र अशी एकच स्लाइड, नागरा गावच्या देवळासमोरची. लग्नात फोटोग्राफरच नव्हता. माझी जाऊ शकुंतला ती पेटी जिवापाड जपते. तिचा मुलगा दिनेश म्हणाला, सगळ्या स्लाइड्स नागपूरच्या दुकानात देऊ, ते मोबाइलवर पाहता येतील असे फोटो करून देतात. शकुंतला म्हणाली, “हरवली तं त्याइले पुन्हा कोठून आणू?”

काम घरीच करायचे ठरले.

*

दिनेशने पत्नीचा मोबाइल पांढरा उजेड लावून टेबलावर आडवा ठेवला. त्यावर स्लाइड, आणि वरून स्वतःच्या मोबाइलने फोटो. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांची स्लाइड ठेवली असतानाच खालच्या मोबाइलवर कॉल आला आणि झाडीतून दिनेशच्या सासूबाईंचा चेहरा उजळला.

शकुंतलेने शांतपणे विचारले, “तुही सासू तेंदू तोडाले कायले गेली रे?”

*

अर्धी पेटी झाल्यावर मी फोटो तपासले. पंगतीत यच्चयावत मंडळी डाव्या हाताने जेवत होती! दिनेशने स्लाइड्स उलट्या बाजूने ठेवल्या होत्या.

“काय फरक पडतो, मोठीआई?”

“पंगतीत पडतो. पुन्हा काढ.”

त्याने पुन्हा काढले.

*

नागऱ्याच्या स्लाइडवर मात्र बुरशीचे ठिपके होते. शकुंतलेने पदराचे टोक ओले करून ती घासायला घेतली, तेव्हा मी ती तिच्या हातून काढूनच घेतली. मग तेवढी एकच नागपूरला न्यायची ठरली. अट अशी, की काम होईपर्यंत दिनेशने तिथून हलू नये. दुकानदार उद्या या म्हणाला, तरी हा बाकावर बसूनच. अखेर दुकानदाराने विचारले, “काय भाऊ, आत पेशंट भरती आहे का?”

*

संक्रांतीच्या दिवशी दिनेशने नागऱ्याच्या स्लाइडचे घरी काढलेला आणि दुकानातून आणलेला असे दोन्ही फोटो टीव्हीवर शेजारी शेजारी लावले. भिंतीवर कोणता लावायचा, ते शकुंतलेने सांगायचे होते. दुकानचा फोटो असा लख्ख, की भाऊजींच्या सदऱ्याची बटणे मोजावीत. ठिपका औषधालासुद्धा उरला नव्हता. घरच्या फोटोत बुरशी तशीच.

शकुंतला उठून टीव्हीजवळ गेली. दुकानच्या फोटोत तिने आपल्या कपाळावर बोट ठेवले. दुकानाच्या संगणकाने बुरशीबरोबर तिचे कुंकूही टिपून घेतले होते.

“घरचाच लाव,” ती म्हणाली. “तुहा बाप बाजूले चांगला जिता उभा हाये. माहं कुंकू पुसाची दुकानवाल्याले एवढी घाई काऊन झाली?”