चौथ्या दालनातले कच्चे टाके

चित्रसंग्रहालयाच्या चौथ्या दालनात दाराशेजारच्या खुर्चीवर पहारा करणाऱ्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत, कारण त्यांच्या गणवेशाच्या कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या. कुणाच्या कोटाचं बटण लोंबत असलं की बाईंचं लक्ष आधी तिकडे. नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात वीस वर्षं काढलेली, सवय जाते कुठे! पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकान बसलं, मास्तरांची, म्हणजे नवऱ्याची, नजर अधू झाली आणि बाई एक्केचाळिसाव्या वर्षी या खुर्चीवर येऊन बसल्या.

खुर्चीच्या बरोब्बर समोर संग्रहालयाचं सगळ्यात नावाजलेलं जुनं चित्र होतं, ‘मोठ्या घरची मालकीण’. खिडकीच्या चौकटीवर उजवा हात टेकून उभी एक तरुण बाई, अंगात निळा रेशमी झगा, झग्याच्या घेराला बारीक पांढरे ठिपके. शेजारची पाटी सांगायची, ही मोत्यांची किनार, घराण्याच्या वैभवाची खूण.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी कपाळावर हात मारला.

“अहो, मोती कसले डोंबलाचे!” घरी पोचताच त्या मास्तरांना म्हणाल्या. “कच्चे टाके आहेत ते! घेर दुमडून नुसता धरून ठेवलाय, पक्की टीप पडलेलीच नाही.”

“असेल की. मापं बघायला मालकिणीच्याही अंगावर चढवतोच ना आपण कच्चा कपडा?”

“मग खांदा चार बोटं खाली का उतरलाय? माप दुसऱ्याच बाईचं आहे. आणि हिच्या मधल्या बोटावर वळ आहे. सुई ढकलायला अंगुस्तान घालतो, त्याचा. माझ्या बोटावरचा बघा, हात लावून बघा. शिवणारी आहे ती! मालकिणीला चित्रासाठी तासन्तास उभं राहायचा कंटाळा, म्हणून झग्यात हिला उभी केली. चेहरासुद्धा हिचाच ठेवला हो चित्रकाराने. का ठेवला असेल, ते मी काही बोलणार नाही बाई.”

बोलणार नाही म्हणत बाईंनी पुढची नऊ वर्षं ते शेकडो लोकांना रंगवून सांगितलं. चित्रकार खिडकीतून कसा बघायचा, मालकिणीला सुगावा कसा लागला, सगळं. तक्रारी झाल्या. संचालकबाईंनी लेखी ताकीद दिली की पाटीवर नसलेलं एक अक्षर जरी बोललात, तर तळघरात छत्र्या-पिशव्या सांभाळायच्या खिडकीवर बदली. छत्र्यांशी बाईंचं काही वाकडं नव्हतं. पण आपल्याच धंद्यातली ती पोर भिंतीवर उभी, आणि तिला ओळखणारं दालनात दुसरं कोणी नाही! बाई दोन महिने मुकाट बसल्या. जेवणाच्या डब्यालाही चव राहिली नाही म्हणे.

मग एक प्राध्यापक वीस पाहुणे घेऊन आले. मोत्यांवर पाऊण तास बोलले. मोती म्हणजे मालकीहक्काची ऐट, मोती म्हणजे अमुक, मोती म्हणजे तमुक. शेवटी मजेने बाईंकडे वळले. “काय बाई, रोज बघता. तुम्हाला काय वाटतं या मोत्यांबद्दल?”

“मला बोलायची मनाई आहे, साहेब.”

“बोला हो, मी कोणाला सांगणार नाही!” सगळे हसले.

“मग एवढंच सांगा, मोत्यांच्या किनारीला गाठ मारून दोन बोटं दोरा लोंबता सोडतात का?”

बाईंनी डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. वीस माना एकदम वाकल्या. “अय्या, खरंच की!” कोणीतरी म्हणालं. प्राध्यापक कानापर्यंत लाल झाले आणि तडक वर, संचालकबाईंकडे गेले.

संचालकबाई खाली आल्या, त्या एका हातात बदलीचा कागद आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊनच. “सिद्ध करा,” म्हणाल्या. “नाहीतर ही सही करते.”

बाईंनी डब्याच्या पिशवीतून सुनेचा अर्धा शिवलेला झगा काढला आणि त्याचा घेर चित्राखाली धरला. “आखूड टाका वर, लांब खाली. रेशीम सरकू नये म्हणून. आता मोजा.”

संचालकबाईंनी भिंग लावलं. आखूड ठिपका, लांब फट, आखूड ठिपका, लांब फट. गाठसुद्धा तशीच. बराच वेळ त्या वाकून होत्या. “मोत्यांना चमक असती, खाली सावली असती,” शेवटी स्वतःशीच पुटपुटल्या. “इथे एकालाही नाही. इतकी वर्षं आम्ही...” मग वर बघून हळूच म्हणाल्या, “झग्याचा खांदाही मोठाच आहे हो.”

कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात टाकला.

बाहेरचे जाणकार आले, त्यांनीही माना डोलावल्या आणि तीन महिन्यांनी नवी पाटी लागली, ‘शिवणारी’. तिच्यात चित्रकाराच्या भानगडीचा एक शब्द नाही, याची बाईंना अजून चुटपुट आहे.

त्या रविवारी मास्तर पहिल्यांदा संग्रहालयात आले. त्यांना नुसता निळा डाग दिसत होता. बाईंनी त्यांचं बोट धरलं आणि चित्रापासून वीतभर लांब, हवेतच, घेराच्या काठाकाठाने फिरवलं. गाठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत.

“सरळ आहेत का गं?”

“एकही वाकडा नाही.”

मास्तरांनी आपली कॉलर नीट केली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, “मग आपल्यातलीच!”

पहाऱ्यावरच्या बाईंनी खरं तर त्यांना हळू बोला म्हणायला हवं होतं.