हद्दीचा दगड

परवा देवळात ताज्या शेंदराचा वास आला आणि वर्धा नदीकाठच्या आमच्या शेतातला हद्दीचा दगड आठवला. इंग्रजांच्या काळी वऱ्हाड आणि मध्यप्रांताच्या हद्दीवरून वाद झाला, तेव्हा तो तिथे रोवला होता. लोक त्याला शेंदूर लावत. पुढे शेताची वाटणी झाली, तेव्हा त्याच हद्दीवरून आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ भांडले. दगड ओलांडणार नाही, अशी दोघांनी शपथ घेतली.

आजोबांना शेतातच अग्नी दिला, तेव्हा धाकटे आजोबा दगडापलीकडे उन्हात उभे होते.

"काका, या न इकडं," बाबा म्हणाले.

"कसा येऊ? त्यानं मले एकडाव बलावलं असतं, तर धावत आलो असतो रे."

चिता विझेपर्यंत ते तिथेच रडत उभे राहिले. तेव्हा मला त्या दगडाची भीती वाटली होती. तो त्यांच्या गुडघ्याएवढाही नव्हता.