चालवून घेतलेला रेकॉर्ड प्लेअर

वडिलांच्या तबकड्या कपाटात पडून होत्या, म्हणून गेल्या वर्षी रेकॉर्ड प्लेअर घ्यायला नगरला गेलो. सोबत काष्टीचे दाजी, माझ्या बहिणीचे यजमान. त्यांचा सगळा जन्म बैलांच्या बाजारात गेलेला. मी मात्र आठ दिवस मोबाईलवर वाचून, आतच स्पीकर असलेली एक देखणी लाल पेटी ठरवूनच आलो होतो.

दाजी दुकानदाराला म्हणाले, "उभं जनावर आमी घेत न्हाई. चालवून दावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तबकडी फिरू लागली तसा दाजींनी पेटीच्या पाठीवर तळवा ठेवला. "थरथरतंय," ते म्हणाले. खरंच, तिच्याच स्पीकरच्या आवाजानं सुई दोनदा उडाली. मग त्यांनी कोपऱ्यातला एक जुना, जड, काळा प्लेअर चालवायला लावला. त्याचे स्पीकर वेगळे होते, किंमतही कमी होती, आणि तो हूं की चूं न करता फिरला. माझी आठ दिवसांची विद्वत्ता तिथंच ठेवून आम्ही तो घेतला.

आता दाजी आले की मी तबकडी लावतो. ते डोळे मिटून ऐकतात. गाणं आवडलं का विचारलं, तर प्लेअरवर तळवा ठेवून म्हणतात, "गान्यातलं मला काय कळत न्हाई. पन जनावर गरीब हाय."