उजवीकडं वळली की बंद

तीन मिस्त्री झाले, तरी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी मोटारसायकल मध्येच बंद पडायची काही थांबेना. पहिल्याने प्लग बदलला, दुसऱ्याने कॉइल. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून धुतला आणि हात पुसत सांगितलं, "भंगारात घाला आता." माझ्या थोरल्या भावाला तेवढंच हवं होतं. त्याने लगेच कडेगावच्या भंगारवाल्याला रविवारी दुपारी टेम्पो घेऊन यायला सांगून टाकलं.

मी सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. शनिवारी एसटीने घरी पोचले, तर आण्णा पेपर मांडीवर ठेवून नुसते गाडीकडे बघत बसलेले. अडुसष्ट वय, पण हळदीचा नमुना पिशवीत घालून सांगलीच्या बाजारात स्वतः जाणार, चार दुकानांत भाव विचारणार, वाटेत मनात येईल तिथे थांबणार, हा त्यांचा शिरस्ता. आता दादा नेईल तेव्हाच जायचं. "त्येच्या मागं बसून जाण्यापरास घरात बसल्यालं बरं," ते म्हणाले. मला रडू येण्याऐवजी राग आला. मला नेहमी तसंच होतं.

"मी बघते गाडी," मी म्हटलं.

"तीन मिस्त्री थकलं, आन तू बघणार?" दादा हसला. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं.

बावीस वर्षं पोरांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करून मी एक शिकले आहे. यंत्र उघडण्याआधी ते वापरणाऱ्याला विचारायचं. मिस्त्र्यांनी गाडी तीनदा उघडली होती, पण आण्णांना कुणी काही विचारलं नव्हतं. मी जुनं कॅलेंडर उलटं केलं, पेन घेतलं आणि गाडी कुठे कुठे बंद पडली ते त्यांना सांगायला लावलं. बँकेच्या कोपऱ्यावर. देवळापाशी आत शिरताना. कारखान्याच्या फाटकात. कोयनानगरला मावशीकडे जाताना घाटात तर चारदा. मी एकेक रस्ता काढत गेले आणि मग माझा हात थांबला. प्रत्येक ठिकाणी वळण उजवीकडे होतं! सरळ रस्त्यावर गाडी एकदाही रुसली नव्हती.

रविवारी सकाळी गाडी स्टँडवर लावून चालू केली. हँडल डावीकडे फिरवलं, इंजिन मजेत चाललं. उजवीकडे पार वळवलं, फट्‌कन बंद. तीनदा केलं, तीनदा तेच. मिस्त्री बिचारे हँडल सरळ ठेवूनच तपासत होते.

या गाडीत एक काळी वायर असते. चावी बंद केली की ती आतून गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणजे चावी चालू असतानाही ती कुठेतरी लोखंडाला टेकत होती. मी वायरवरून बोटं फिरवत गाडीच्या पुढच्या दिव्याखाली आले आणि तिथे हाताला लिंबू-मिरची लागली.

आई दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधते. दोरा पावसात कुजतो म्हणून ती बारीक तार वापरते. जुनं लिंबू काढते, जुनी तार तशीच ठेवते. किती वर्षांच्या तारा तिथे एकमेकींत गुंतल्या होत्या देव जाणे, आणि काळी वायर त्यांच्या मधोमध आवळलेली. तीन मिस्त्र्यांनी गाडीचा नटन्‌नट हाताळला होता, पण लिंबाला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. खरं सांगायचं तर माझाही हात घुटमळला.

"लिंबाला हात लावू नगंस!" आई आतून ओरडली. "कालच बांधलंय."

"आई, तुझ्या लिंबानंच गाडी धरलीय."

ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि स्वतःच लिंबू-मिरची सोडून घेतली. "आता काढ तू तार," एवढंच म्हणाली.

पक्कडीने एकेक तार तोडली. खाली वायरचं रबर कातरलं जाऊन आतलं तांबं उघडं पडलं होतं. हँडल उजवीकडे वळलं की वायर ताणली जायची आणि ते तांबं तारांमधून लोखंडाला टेकायचं. त्यावर टेप गुंडाळली, एक किक मारली आणि हँडल उजवीकडे पार टेकवलं. इंजिन चालूच! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

दुपारी टेम्पो आला. आण्णांनी भंगारवाल्याला रामराम केला, गाडीवर बसले आणि टेम्पोभोवती उजवीकडे वळत पाच फेऱ्या मारल्या. "आवं, ही तर माझ्या टेम्पोपरास बरी चालतीया," भंगारवाला म्हणाला आणि रिकामाच परतला. दादा चहा प्यायला आत गेला तो लवकर बाहेर आला नाही. मी त्याला मुळीच सोडणार नव्हते, पण आईने डोळे वटारले.

सोमवारी मी कामावर परत आले. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"गेटाभाईर हाय मी," आण्णा म्हणाले. "बाजारात मागनं जातो. आदी तुझ्याकडं आलो."

मी अंगातला एप्रन न काढताच गेटाकडे पळाले.