वारा कुठून येतोय
टीव्हीवरचा गोल्फपटू केव्हाचा वहीत अंतरं बघत उभा होता आणि बाबा सोफ्यावर चडफडत होते, "मार की रे आता." बाबांनी उमेदीची सगळी वर्षं कॅडी म्हणून मोठमोठ्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या बॅगा वाहिल्या. त्यामुळे पूर्वीचे कसे झटपट खेळायचे आणि आताचे नुसती आकडेमोड करतात, हे मी दर रविवारी ऐकते. आज मात्र मी वैतागले.

"एवढा राग येतो तर बघता कशाला, बाबा?"

बाबा म्हणाले, "तेव्हा ते मला विचारायचे. वारा कुठून येतोय, म्हणून."

जुन्या काळाबद्दल कुरकुरणारा माणूस बहुधा त्या काळातली आपली जागा शोधत असतो. मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "मग तुम्ही काय सांगायचात?"