अर्ध्या दिवसाची रजा

“आधी दाखला, मग अक्षता,” असं म्हणत बाई समोरच्याचा कागद खिडकीच्या उजेडाकडं धरायच्या. परभणीच्या विवाह नोंदणी कचेरीत त्या कारकून होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. माणसाकडं न बघता कागद ओढून घेणारे हात तुम्ही कचेऱ्यांत पाहिलेच असतील. बाई आधी माणूस बघायच्या, त्याला पाणी द्यायला लावायच्या आणि मग कागदातली चूक काढायच्या. चूक मात्र काढायच्याच.

लोकांची लग्नाची तयारी मांडवापासून सुरू व्हायची. चारठाण्याचा एक नवरदेव तर पत्रिका छापूनच आला. “बाई, परवाचा मुहूर्त हाय.”

“नोटीस आज लागंल, बोर्डावर तीस दिवस ऱ्हाईल. तारीख पत्रिकेत बदला. कायद्यात न्हाई बदलत.”

दुसरी कटकट वयाची. खेड्यांतल्या गुरुजींनी सरसकट पोरांची जन्मतारीख एक जून लिहिलेली. “सगळा तालुका एकाच दिवशी बाळंत झालाय,” म्हणत बाई दाखले तपासायच्या. मुलगी अठरा, मुलगा एकवीस, साक्षीदार तीन. त्यात कुणालाही सूट नसे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत बोलणं तुटलं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. वालूरची एक शेतकऱ्याची मुलगी आणि तिथल्याच भीमनगरातला, येलदरीच्या वीजघरात नोकरीला असलेला मुलगा, यांची नोटीस आम्ही लावली. आठवड्याच्या आत मुलीचे चुलते हजर.

“आमची मान्यता न्हाई!”

“पोरीचं वय कमी हाय का? दोघांत कुणाचं आधी लगीन झालंय?”

“तसं काई न्हाई. पण आमची मान्यता न्हाई.”

“काका, तुमच्या मान्यतेचा रकाना ह्या फॉर्मात न्हाई,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

तीस दिवस भरले. दोघं आले, पण साक्षीदार दोनच. तिसरा, मुलाचा मित्र, गावाच्या धाकानं आलाच नाही. फाटकाशी चुलते चार माणसं घेऊन उभे. उद्या या म्हणावं, तर उद्यापर्यंत मुलगी त्यांच्या हाती लागणार. मी पेन उचललं. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

“कागद तपासणाऱ्यानं साक्षीला उभं ऱ्हाऊ न्हाई.”

मला त्यांचा भयंकर राग आला. मुलगी रडायलाही विसरली होती.

बाईंनी कोरा कागद ओढला आणि अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी एकदा अर्जाकडं, एकदा मुलीकडं पाहून सही केली. पदर सावरत बाई बाहेर गेल्या आणि लोकांच्या दारानं आत येऊन माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

“मी रजेवर हाय. साक्षीदार म्हणून आले. ह्यांची फाईल आता तुमी तपासायची, पहिल्या पानापासून.”

मी तपासली. दोघांचे दाखले खिडकीच्या उजेडाकडं धरून पाहिले.

सह्या झाल्यावर बाई दोघांच्या पुढं चालत फाटकातून बाहेर पडल्या. चुलत्यांना नमस्कार केला. कुणी हात उगारला नाही. “रजा संध्याकाळपर्यंत हाय,” म्हणत येलदरीच्या गाडीत त्या दोघांसोबत चढल्या.

पुढं बाई निवृत्त झाल्या, त्यांची खुर्ची मला मिळाली. एका दुपारी तीच मुलगी लेकीचा हात धरून दारात आली. दाखल्याची नक्कल हवी असेल म्हणून मी फॉर्म काढला. तिनं मान हलवली.

“बाई गेल्या, दादा. शेवटचे दोन महिने आमच्याकडंच होत्या.” मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, “माझं माहेर गेलं.”