आमच्या साडूंचा गोळा

चालत्या गाडीपेक्षा उघडून ठेवलेली गाडी ज्याला जास्त देखणी वाटते असा माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कवठे महांकाळच्या पलीकडे एका वस्तीवर राहतात. घराण्याचा धंदा मेंढरांचा, पण यांनी तरुणपणीच काठी ठेवली आणि ट्रक घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा पाळला म्हणावं. घरासमोर लिंबाखाली ट्रक उभा असतो आणि त्याच्याखाली हे आडवे असतात. आमची पहिली ओळखही अशीच झाली. मी मुलगी बघायला गेलो होतो. आत मी पोह्यांची ताटली हातात घेऊन बसलो होतो, आणि बाहेर हे आमच्या भाड्याच्या जीपखाली शिरले होते. निघताना मला त्यांचे फक्त तळवे दिसले. कुणीतरी विचारलं, "काय दाजी, कसं काय वाटलं स्थळ?" खालून उत्तर आलं, "पोरगा बरा हाय. पर गाडीकडं ध्यान न्हाई ह्येंचं. शाफ्टाला गिरीस न्हाई!" सासऱ्यांचा चेहरा असा काही पडला की माझं लग्न आता ग्रीसवाचून मोडतंय असंच मला वाटलं.

कुणाच्या घरी गेले की हे आधी दारातल्या गाडीची विचारपूस करतात, मग माणसांची. सांगलीला एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली मोटार मांडवाकडे येत होती, बँडवाले जीव तोडून वाजवत होते, आणि हे एकदम दोन्ही हात वर करून मधे उभे राहिले. "गप बसा जरा! बेरिंग वाजतंय!" बँड थांबला. नवरदेव थांबला. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. आणि सगळ्या वऱ्हाडानं, मुंडावळ्यांसकट नवरदेवानं, कान देऊन ते बेरिंग ऐकलं. गॅरेजचं तर नाव काढायचं नाही. "परक्या मानसापुढं गाडी उघडी टाकायची?" असं ते विचारतात, आणि ते अशा स्वरात की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. "आमी मेंढराला कवा दवाखान्यात न्हेत न्हाई, डाक्टरलाच मेंढराकडं आणतो." यांच्या ट्रकचा डॉक्टर म्हणजे अर्थातच हे स्वतः.

या डॉक्टरांचा सगळ्यात लाडका अवयव म्हणजे गोळा. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी फुगवटा असतो, इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. शिकलेले लोक त्याला डिफरन्शियल म्हणतात, हे गोळा म्हणतात. त्याच्या पोटात नव्वद नंबरचं दाट तेल असतं. ते सोडायला खाली एक बोल्ट, नवं भरायला वर एक बोल्ट. "वरचा निघाल्याबगर खालच्याला हात लावायचा न्हाई, पाव्हणं," हे त्यांनी मला दर भेटीत बजावलेलं आहे. "न्हायतर पोट रिकामं आन् तोंड शिवल्यालं!" माझ्याकडे स्कूटर आहे आणि तिला गोळा नाही, हे मी दर वेळी सांगायचो आणि त्यांना दर वेळी माझी कीव यायची.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्यांचा फोन आला. मी अंघोळीला होतो, बायकोनं घेतला. साडू फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्यात त्या दिवशी ते घाईत होते. "गोळा लय दिस तसाच राहिलाय! आत सगळं काळं झालं आसंल! आज घरीच उघडतो! उद्या आबांस्नी आणायचंय, पाव्हण्यांला लावून दे!" एवढं बोलून फोन बंद. मी बाहेर आलो तेव्हा बायको भिंतीला टेकून खाली बसली होती. "दाजींच्या पोटात गोळा निघालाय," ती म्हणाली. "आत काळं पडलंय. घरीच उघडणार आहेत. आणि आबांना भेटीला आणतायत!" आबा म्हणजे साडूंचे वडील. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा तेव्हाही पाटणच्या बाजूला डोंगरात मेंढरं घेऊन होता. त्याला बोलावून घेतलंय म्हटल्यावर मलाही काही सुचेना. परत फोन लावला तर उचलेना. साताऱ्याहून गाडी केली, वाटेत शहाळी घेतली, आणि बायको थेट कवठे महांकाळपर्यंत दाजींचे गुण आठवून रडत गेली. त्यांचे इतके गुण तिनं आधी कधीच सांगितले नव्हते.

वस्तीवर पोचलो तर लिंबाखाली ट्रक, ट्रकखाली दोन तळवे, आणि तळव्यांशेजारी परातीत काळंकुट्ट काहीतरी साठलेलं. बायकोनं किंकाळी फोडली, "दाजी!" तळवे हलले. "आलीस का? ती परात जरा फुडं सरकव."

मग उलगडा झाला. दुखणं ट्रकचं होतं. पण त्यामागे खरं दुखणं होतं ते आबांचं. आबांचा गुडघा धरला होता आणि त्यांना पाऊल टाकवत नव्हतं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चालत पश्चिमेला जायचं आणि पावसाच्या तोंडाला चालत परत यायचं, असा त्यांचा जन्म गेलेला. तिकडे पावसाचे ढग जमायला लागले होते, म्हातारा उघड्यावर पडून होता, आणि जीपमधून यायला तयार नव्हता. "मेंढरं सोडून मी येत न्हाई," एवढाच त्यांचा निरोप. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि मेंढरं, सगळ्यांना एकदमच ट्रकमध्ये घालून आणायचं ठरलं होतं. घाटाचा रस्ता, वर जितराब, म्हणून आदल्या दिवशी गोळ्याचं तेल बदलणं आलं. आणि बापाला आणायच्या त्या गडबडीत, जन्मभर जगाला शिकवलेला नियम हा गृहस्थ स्वतःच विसरला होता. खालचा बोल्ट काढून सगळं तेल सोडलं होतं, आणि वरचा बोल्ट काही केल्या हलत नव्हता.

"बोला की आता," साडूंची बायको, म्हणजे आमच्या ताई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पोट रिकामं आन् तोंड शिवल्यालं! आन् आवं, ती पुरणाची परात हाय माझी!" ट्रकखालचे तळवे तेवढे आणखी आत सरकले. रिकाम्या गोळ्यानं ट्रक गावापर्यंतसुद्धा नेता येत नाही, तो आतल्या गिअरचे दात खाऊन टाकतो. बोल्टाचं डोकं पाना फिरवून फिरवून गोल झालं होतं. ताईंनी चुलीवर पाणी उकळलं, मी ते बोल्टावर ओतलं, साडूंनी शेजारच्या बोअरवाल्याकडून मोठा पाइप-पाना आणला आणि त्याच्या दांड्यात मेंढवाड्याच्या फाटकाचा लोखंडी पाइप घातला. मग त्या पाइपला आधी ते लोंबकळले, मग मी. बोल्ट ढिम्म! तेव्हा आजाऱ्याला भेटायला म्हणून नेसलेल्या चांगल्या साडीचा पदर खोचून माझी बायको पुढे आली. ताई आल्या. "आबांचं नाव घ्या आन् वडा!" साडू ओरडले. आम्ही आबांचं नाव घेतलं आणि ओढलं. कड्डकन आवाज झाला आणि आम्ही चौघं एकमेकांच्या अंगावर, सगळ्यात खाली मी आणि सगळ्यात वर शहाळ्यांची पिशवी. "मोडला!" ताई ओरडल्या. "निघाला!" साडू ओरडले, आणि उठून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. बायको हसत सुटली. तिला पोटभर रडून झालेलं होतंच, त्यामुळे ते हसणं लवकर थांबेना.

मग साडूंनी परातीतलं जुनं तेल दोन बोटांत घेतलं, चोळलं, उन्हात धरून पाहिलं. आबा मेंढराचा जबडा उघडून बघतात तेव्हा त्यांचा चेहरा असाच होतो म्हणे. चकाकी नव्हती, लोखंडाचा कीस नव्हता. "दात शाबूत हायत," ते म्हणाले. "अजून चरंल." नवं तेल कडेला येऊन थेंब सांडेपर्यंत भरलं. त्या तेलाचा कुजक्या अंड्यासारखा वास आमच्या हातांना जेवतानाही येत होता, आणि तरी जेवण झकास झालं.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. कऱ्हाड ओलांडल्यावर साडूंनी माझा दंड धरला. "आवाज ऐकला का, पाव्हणं?" मी म्हटलं, नाही बुवा. "न्हाई ना? ह्योच तर आवाज!" लहान मुलासारखे ते सीटवर उड्या मारत होते. डोंगराच्या पायथ्याला आबा घोंगडीवर बसून वाट बघत होते. आधी सगळी मेंढरं वर चढली, मग आम्ही दोघांनी आबांना उचललं. केबिनमध्ये बसा म्हटलं तर ऐकेनात, मेंढरांतच बसले. येताना साडूंनी प्रत्येक खड्डा असा चुकवला की मागच्या म्हाताऱ्याला धक्का कळू नये.

वस्तीवर ट्रकची मागची फळी सोडली. मेंढरं खाली उतरली आणि तिथंच घोळका करून उभी राहिली. चालल्याशिवाय घर कसं आलं हे त्यांना कळेना. आबांना आम्ही बाजेवर बसवलं. त्यांनी ट्रककडे नीट पाहिलं आणि लेकाला विचारलं, "गाडी चांगली झाली म्हन की आता. मग दिवाळी झाली की सोडशील न्हवं मला परत तिकडं?"

त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं असतं तर कुणालाही उत्तर कळलं असतं. साडूंनी तिकडे पाहिलंच नाही. ते बाजेशेजारी उकिडवे बसले, आबांचा पाय हळूच आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "सोडतो की, आबा. सगळी मेंढरं घेऊन जाऊ." आमच्या साडूंना खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं, आणि ते त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.